विहिरीतला पाषाण, समुद्रातलं बेट

देवगाव फाट्यावर रस्ते तीन दिशांना फुटतात. एक मंठ्यावरून जालन्याला जातो, एक जिंतूरला, एक सेलूला. यातला एकही रस्ता समुद्राकडं जात नाही. आमच्या भागातलं पाणीसुद्धा जवळच्या समुद्राची वाट धरत नाही. दुधना पूर्णेला मिळते आणि पूर्णा गोदावरीला. गोदावरीचा उगम त्र्यंबकेश्वरचा, तिथून अरबी समुद्र जेमतेम ऐंशी किलोमीटरवर. तरी ती त्याच्याकडं पाठ फिरवते आणि १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला जाते. म्हणजे सेलू-जिंतूरच्या शिवारावर पडलेला पावसाचा थेंब वाहत निघाला, तर तो आंध्रातल्या समुद्रात पोचणार, अलिबागच्या नाही.

पण दगडाची गोष्ट वेगळी आहे. आमच्याकडं विहीर खोदताना आधी काळी माती लागते, मग चुनखडीचे खडे असलेला पट्टा, मग मुरूम, आणि त्याखाली काळा पाषाण. पाषाण लागला की पहार उडते, सुरुंगाची गोष्ट निघते आणि मालकाचा चेहरा उतरतो. हाच पाषाण इथून सरळ रेषेत साडेतीनशे-चारशे किलोमीटर पश्चिमेला समुद्रातून डोकं वर काढून उभा आहे. त्याच्यावर लाटा फुटतात, कालवं चिकटतात, एक दीपगृह उभं आहे आणि साडेतीनशे वर्षांपूर्वी त्याच्यासाठी लढाई झाली आहे. त्या बेटाचं नाव खांदेरी. रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळच्या थळ गावासमोर, किनाऱ्यापासून सुमारे पाच किलोमीटर आत. तिथं पूल नाही, ओहोटीला उघडी पडणारी वाट नाही. होडीनंच जावं लागतं आणि होडीनंच परत यावं लागतं.

खांदेरीला जाण्याआधी हा दगड कुठून आला ते पाहिलं पाहिजे, कारण ते कळलं नाही तर बेट म्हणजे नुसता खडक वाटेल.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आजच्या महाराष्ट्राची जमीन लांबलचक भेगांनी फाटली आणि त्यातून लाव्हा बाहेर आला. शंकूसारखा एखादा डोंगर धुमसतोय, असं ते दृश्य नव्हतं. पातळ लाव्हा भेगांमधून पुरासारखा पसरत गेला. एक थर थंड झाला की काही काळानं दुसरा त्याच्यावर. दोन थरांच्या मधल्या निवांत काळात वरच्या दगडाची माती होई, आणि पुढचा लाव्हा आला की ती माती भाजून निघे. विहिरीच्या भिंतीत काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये कधीकधी तांबडा पट्टा दिसतो, तो हाच. लाव्हात अडकलेल्या वायूचे बुडबुडे पोकळ राहिले, त्यात पुढं खनिजं साचली, आणि आज नांगरटीत आपल्याला गारगोट्या सापडतात. या सगळ्या खडकाला बेसाल्ट म्हणतात. झिजून उरलेला त्याचा पसारा आजही पाच लाख चौरस किलोमीटर आहे. सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. पूर्वेकडं तो पातळ होत जातो आणि नांदेड जिल्ह्याच्या कडेला, देगलूर-किनवटच्या बाजूला, संपतो. तिथं त्याच्याखालचा जुना ग्रॅनाइट वर येतो.

सह्याद्रीत हे थर पानावर पान ठेवल्यासारखे आडवे आहेत. घाट उतरून कोकणात गेलं की ते पश्चिमेकडं वाकलेले सापडतात. पनवेलच्या बाजूला हा बाक स्पष्ट दिसतो. भारताच्या या कडेपासून सेशेल्स बेटांचा तुकडा तुटून वेगळा झाला, त्या घडामोडींच्या काळातला हा बाक आहे. लाव्ह्याचे थर असे कलत कलत समुद्राखाली गेले, आणि त्यांचे जे भाग चिवट होते ते पाण्यावर राहिले. खांदेरी, तिची शेजारीण उंदेरी, मुरूडचा जंजिरा, त्याच्या समोरचा पद्मदुर्ग ही सगळी त्याच काळ्या खडकावरची ठाणी.

ही बेटं नेहमी बेटं नव्हती, हे मला कळलं तेव्हा कितीतरी वेळ मी नकाशाकडं पाहत बसलो होतो. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी पृथ्वीवर हिमयुग ऐन भरात होतं. समुद्राचं इतकं पाणी बर्फ होऊन ध्रुवांकडं अडकलं होतं, की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटरनं खाली होती. मुंबई-अलिबागसमोरचा समुद्रतळ फार उथळ आणि दूरवर सपाट आहे. त्यामुळं त्या काळी किनारा आजच्या किनाऱ्यापासून कितीतरी दूर पश्चिमेला होता आणि खांदेरी म्हणजे माळरानावरची एक टेकडी होती. थळहून तिथं माणूस चालत गेला असता. मग बर्फ वितळला, पाणी चढत आलं आणि सहा-सात हजार वर्षांपूर्वी ते आजच्या पातळीच्या आसपास थांबलं. माळ बुडाला. टेकडीचा माथा तेवढा उरला.

थळच्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा नाखवानं पहिल्यांदा तिथी विचारली. मी तारीख सांगितली तर मान हलवली. “तारखेचं काय काम दादा, तिथी सांगा. पाणी तिथीवर चालतं.”

त्याचा हिशेब साधा होता. शुद्ध किंवा वद्य, जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची. जेवढे येतील तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, आणि पौर्णिमा-अमावस्येला बाराच्या सुमारास. दिवसातून दोनदा. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा अधिक उशिरा डोक्यावर येतो म्हणून भरतीही तेवढीच पुढं सरकते. कोळ्यांनी हे गणित घड्याळाच्या कितीतरी आधी बोटांवर बसवलं. पौर्णिमा-अमावस्येला सूर्य आणि चंद्र एका ओळीत ओढतात, तेव्हाच्या मोठ्या भरतीला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ काटकोनात पडते आणि पाणी फारसं चढत नाही, फारसं उतरतही नाही. त्याला भांग म्हणतात. या किनाऱ्यावर मोठ्या उधाणात भरती आणि ओहोटीतला फरक पाच मीटरपर्यंत जातो. दीड मजल्याएवढं पाणी सहा तासांत येतं आणि सहा तासांत जातं. आमच्या दुधनेला पूर आल्यावर पाणी एवढं चढलं तर पिढीभर त्याची गोष्ट सांगतात. इथं ते पंधरवड्याला घडतं.

होडी निघाल्यावर आधी उंदेरी लागते. ती सपाट, किनाऱ्याला जवळची, आणि उतरायला अवघड. धक्का नसल्यानं समुद्र शांत असेल तरच तिथं पाय टेकता येतो. तिच्या तटाला वळसा घालून होडी मोकळ्या पाण्यात शिरते. मग लाट बदलते, लांब आणि जड होते, आणि समोर खांदेरीच्या दोन टेकड्या दिसू लागतात. दोन्हींच्या मधलं सखल खोगीर जिथं पूर्वेला उतरतं, तिथं धक्का आहे. बेटाची सगळी रचना या खोगिरावर उभी आहे. वारा पश्चिमेकडून येतो, लाटाही पश्चिमेकडूनच. पूर्वेची ही खाच दोन्ही टेकड्यांच्या आडोशाला असल्यामुळं इथं होडी लागते.

उतरल्यावर मऊ वाळूचा लांबलचक किनारा शोधू नये. हा दगडांचा किनारा आहे. काळ्या शिळा, त्यांच्यात लाटांनी कोरलेले खळगे, खळग्यांत अडकलेलं पाणी, आणि शिंपल्यांचा चुरा. ओहोटीच्या वेळी इथं वाकून पाहिलं तर खडकावर आडवे पट्टे दिसतात. सगळ्यात वर, जिथं फक्त तुषार पोचतात, तिथं ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोगलगायी. त्यांच्याखाली बार्नॅकल नावाच्या जिवांचा खरखरीत पांढुरका थर. त्याखाली कालवं. आणि अगदी खाली, फार थोडा वेळ उघड्या पडणाऱ्या भागात, शेवाळ आणि फुलासारखे उमलणारे समुद्रपुष्प. कोण किती वेळ पाण्याबाहेर तग धरू शकतो, त्यावर प्रत्येकाची जागा ठरलेली. गावाची आखणी केल्यासारखी ही वस्ती आहे.

यातला बार्नॅकल मला सगळ्यांत विलक्षण वाटतो. तो शिंपल्यासारखा दिसतो, पण नातं खेकड्या-कोळंबीशी. पिल्लू असताना तो पोहतो. मोठं व्हायची वेळ आली की जागा निवडतो, डोकं खाली करून दगडाला चिकटतो आणि स्वतःभोवती चुन्याचं घर बांधतो. मग जन्मभर हलत नाही. भरती आली की घराचं दार उघडून पाय बाहेर काढतो आणि पायांनी पाणी झाडत त्यातले बारीक जीव तोंडाकडं ओढतो. पाणी उतरलं की दार बंद करून आत ओल राखून बसतो, चैत्र-वैशाखातल्या उन्हातसुद्धा. त्याचं डिंकासारखं चिकट द्रव्य पाण्याखाली घट्ट बसतं. तसं द्रव्य बनवायला माणसं आजही धडपडत आहेत. अनवाणी पायाला मात्र हा थर करवतीसारखा लागतो. बेटाभोवती मोठमोठे दगड विखुरलेले आहेत. ते गड बांधताना मुद्दाम टाकले, म्हणजे शत्रूची होडी तटाला लागू नये आणि उतरणाऱ्याचे पाय फाटावेत, असं इथं सांगतात. दगडांवर आज बसलेली वस्ती पाहिली की त्या सांगण्यावर विश्वास बसतो.

धक्क्यावरून वर जाताना एक मोठा दगड आहे, त्याला लोक वाजणारा दगड म्हणतात. लहान दगडानं त्याच्यावर ठोकलं की पितळेच्या भांड्यावर टिचकी मारावी तसा नाद येतो. मी आयुष्यभर पाषाण फोडताना ऐकला आहे, त्याचा आवाज ठणठणीत असतो, पण असा लांबत जाणारा नाही. कारण दगडाच्या घट्टपणात आणि त्याच्या बैठकीत आहे. बारीक कणांचा, आत भेग किंवा पोकळी नसलेला बेसाल्ट कडक असतो. त्यात कंपन सहज फिरतं. पण तोच दगड मातीत रुतला असेल तर माती ते कंपन गिळून टाकते. तो दोन-तीन ठिकाणीच टेकलेला असेल तर घंटेसारखा मोकळा थरथरतो. कर्नाटकात बळ्ळारीजवळ कुपगलच्या टेकडीवर अशाच काळ्या कुळातले वाजणारे दगड आहेत. तिथं नवाश्मयुगातल्या माणसांनी ते ठोकून ठोकून त्यांत खळगे पाडले आहेत आणि शेजारच्या शिळांवर बैलांची चित्रं कोरली आहेत. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातही अशा दगडांचं एक मैदान आहे. खांदेरीच्या दगडावर कुणी पहिल्यांदा ठोकलं असेल, ते मला फार जाणून घ्यावंसं वाटतं.

या खडकाचा गड झाला तो १६७९ साली. मुंबई तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीकडं होती आणि जंजिऱ्याला सिद्दी. खांदेरी मुंबईच्या तोंडाशी, बंदरात येणारं-जाणारं प्रत्येक जहाज तिथून दिसतं. शिवाजी महाराजांनी १६७२ मध्ये एकदा तिथं बांधकामाचा प्रयत्न केला होता, पण इंग्रज आणि सिद्दी दोघांनी आडकाठी केल्यानं तो सोडावा लागला. सात वर्षांनी, १६७९ च्या ऑगस्टअखेरीस, मायनाक भंडारी माणसं आणि सामान घेऊन बेटावर उतरले आणि तट रचायला लागले. पावसाळा पुरता सरलेला नव्हता. मोठी जहाजं अजून समुद्रात उतरायला कचरत होती आणि तोच काळ महाराजांच्या लोकांनी निवडला.

इंग्रजांनी बेट आपलं असल्याचा दावा केला आणि जहाजं पाठवली. १९ सप्टेंबरला लेफ्टनंट थॉर्प काही माणसांसह उतरायला गेला आणि मारला गेला. मग ‘रिव्हेंज’ हे मोठं लढाऊ जहाज आणि त्याच्याबरोबर लहान नौका घेऊन कॅप्टन मिंचिन आणि केग्विन यांनी बेटाला वेढा घातला. १८ ऑक्टोबरला पहाटे नागावच्या बाजूनं दौलतखानांचं मराठी आरमार चालून आलं. थोड्याच वेळात इंग्रजांच्या लहान नौका पांगल्या, ‘डव्ह’ नावाची गुराब मराठ्यांच्या हाती लागली. ‘रिव्हेंज’ मात्र एकटं उभं राहिलं आणि तोफांच्या जोरावर त्यानं चाल थोपवली. त्या दिवसाचा निकाल कुणाच्या बाजूनं मांडायचा, यावर वाद घालता येईल.

खरा निकाल पुढच्या रात्रींमध्ये लागला, असं मला वाटतं. मोठ्या जहाजाला खोल पाणी लागतं आणि वारा लागतो. रात्री वारा पडला की ते जागच्या जागी डोलत राहतं. मराठ्यांच्या नौका उथळ बुडाच्या, वल्ह्यांवर चालणाऱ्या. त्या अंधारात नागावच्या खाडीतून निघत, खडकांमधल्या पाण्यातून बेटाला लागत, धान्य आणि दारूगोळा उतरवून उजाडायच्या आत परत जात. दिवसा वेढा आणि रात्री रसद असं चालत राहिलं, आणि तट चढत राहिला. जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी समझोता केला आणि वेढा उठवला. त्याच सुमारास सिद्दी कासिमनं शेजारची उंदेरी बळकावून तिथं तोफा चढवल्या, आणि दोन बेटं एकमेकांवर गोळे टाकू लागली. एप्रिलमध्ये महाराज गेले. खांदेरी हे त्यांच्या शेवटच्या मोठ्या कामांपैकी एक.

पुढं ती कान्होजी आंग्र्यांकडं आली. १७१८ साली मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून यानं आरमार घेऊन तिच्यावर हल्ला केला आणि हात हलवत परत गेला. बेट इंग्रजांना मिळालं ते थेट १८१८ मध्ये, मराठी राज्यच गेल्यावर. आज तटावर गाड्यांसकट टिकलेल्या लोखंडी तोफा दिसतात. लाकडी गाडे कधीच कुजले असते. इथं गाडेही लोखंडी आणि चाकांवरचे. खाऱ्या वाऱ्यात ते अजून उभे आहेत.

आमच्या भागातला माणूस कुठंही गेला तरी पाण्याची चौकशी करतो. चहूबाजूंनी खारं पाणी असलेल्या खडकावर शिबंदी प्यायची काय? गडावर विहीर आणि टाकी आहेत. पावसाचं गोडं पाणी टाक्यात साठतंच, शिवाय खडकाच्या भेगांमध्ये उतरतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असल्यानं ते बेटाच्या पोटात खाऱ्यावर तरंगत राहतं. समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याचा एक हात थर असेल, तर तो तोलण्यासाठी खाली सुमारे चाळीस हात गोडं पाणी असतं, असा सच्छिद्र जमिनीतला ढोबळ हिशेब आहे. मालवणच्या सिंधुदुर्गावरच्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरी महाराष्ट्राला ठाऊक आहेत. अशा पाण्याचा उपसा मोजूनच ठेवावा लागतो. जास्त उपसलं तर खालचं खारं वर येतं. आमच्या विहिरी खोल गेल्या की कोरड्या पडतात, यांच्या खाऱ्या होतात.

बेटावर वेताळाचं देऊळ आहे. आत घडवलेली मूर्ती नाही, मोठी शिळा आहे, आणि ती दरवर्षी थोडी वाढते अशी कोळी बांधवांची श्रद्धा आहे. बांधावरच्या शेंदूर लावलेल्या म्हसोबाला नारळ फोडून पेरणीला सुरुवात करणाऱ्या माणसाला इथं हात जोडताना काही वेगळं वाटत नाही. दोन्हीकडं देव एकाच पाषाणाचा आहे.

दक्षिणेकडच्या टेकडीवर दीपगृह आहे, १८६७ सालचं. मुंबई बंदरात येणाऱ्या जहाजांना वाट दाखवायला बांधलेला आठकोनी मनोरा. आज तो कान्होजी आंग्रे यांच्या नावानं ओळखला जातो. ज्या कान्होजींच्या भीतीनं कंपनीची जहाजं या पाण्यातून दबकत जात, त्यांच्या नावाचा दिवा आता सगळ्या जहाजांसाठी लागतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात खांदेरी आहे. रायगड, शिवनेरी, सिंधुदुर्गाच्या रांगेत.

मनोऱ्याच्या पायथ्याशी उभं राहून मी पूर्वेकडं पाहिलं. थळच्या नारळी-पोफळी, त्यामागं कोकणातले डोंगर, आणि त्याहून मागं सह्याद्रीची निळसर भिंत. एकच दगड, पण पावसानं त्याचं काय काय केलं! भिंतीच्या अलीकडं, कोकणात, वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो. तो खडकातले विरघळणारे पदार्थ धुऊन नेतो, लोह मागं ठेवतो, आणि वर्षांनुवर्षांनी तांबडा जांभा तयार होतो. भिंतीपलीकडं, आमच्याकडं, नऊशेच्या आसपास. तेवढ्या पाण्यात चुना आणि चिकणमातीचे कण धुऊन जात नाहीत, तिथंच राहतात. त्याची काळी माती होते, जी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. एकीकडं भात आणि आंबा, दुसरीकडं कापूस आणि ज्वारी. आणि या बेटाच्या कडेला दोन्ही नाही. इथं लाट माती होऊच देत नाही. दगड उघडा, काळा आणि ओला राहतो, विहिरीच्या तळाशी असतो तसा.

खालून नाखवाची हाक आली. पाणी उतरायला लागलं होतं. ओहोटी पुरती लागली की धक्क्याजवळचे खडक उघडे पडतात आणि होडी अडकते, म्हणून इथं येणाऱ्यानं परतीची वेळ आपल्या मनानं ठरवू नये. पावसाळ्यात तर यायचंच नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या असतात. नारळी पौर्णिमेला कोळी दर्याला नारळ देतात आणि समुद्र पुन्हा उघडतो.

त्या पौर्णिमेनंतर बरोबर पंधरा दिवसांनी श्रावणातली अमावस्या येते. देवगाव फाट्याच्या आसपासच्या गावांत त्या दिवशी पोळा असतो. सकाळी बैल धुवायला नेतात, शिंगं रंगवतात, झुली चढवतात. दुपारी बाराच्या सुमारास घराघरांत पुरण शिजत असतं, आणि अमावस्येचं उधाण त्याच वेळी खांदेरीच्या धक्क्यावर पुरतं चढलेलं असतं.